कुपवाड एमआयडीसीत नोकरी लागली, सांगलीत एकटीसाठी खोली कुठं बघू?

लातूरची_पोर:
नमस्कार सगळ्यांना. मी लातूरची, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, दोन वर्षं इथंच एका वर्कशॉपला होते आणि आता कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला सिलेक्शन झालंय. हातात साडेअठरा हजार येणार. १ जुलैला जॉइन व्हायचंय म्हणजे जेमतेम तीन आठवडे राहिलेत आणि सांगलीत ओळखीचं म्हणावं असं एक माणूस नाही. खोली शोधायलेय पण सगळं फोनवरच चाललंय आणि आता डोकं चालेना झालंय.

आधी हॉस्टेल बघितलं, पण जिथं जिथं फोन केला तिथं गेट साडेनऊला बंद. माझी आठवड्याआड दुसरी शिफ्ट असणारय, ३ ते ११. कंपनीची बस आहे म्हणतात पण ती मेन रोडला सोडते, घरापर्यंत नाही. मग साडेअकराला मी गेटबाहेर उभी राहू काय? शिवाय आई महिन्या-दीड महिन्यानं चार दिवस येणार, तिला हॉस्टेलवर कुठं ठेवू. म्हणून स्वतःची खोली पाहिजे, वन आरके असली तरी चालेल, संडास-बाथरूम मात्र आतच पाहिजे. भाडं पाच, लई झालं तर सहा हजार.

आतापर्यंत तीन जागा समोर आल्यात.

एक, गावभागात, गणपती मंदिराजवळ, वन बीएचके, तळमजला, फक्त ४२०० भाडं. ऑनलाइन बघितली, फोटो एकदम छान आहेत. मालक म्हणतात मी लष्करात आहे, माझं पोस्टिंग जम्मूला, घर रिकामं पडलंय म्हणून स्वस्तात देतोय, तीन हजार टोकन टाका म्हणजे तुमच्यासाठी ठेवतो नाहीतर उद्या दुसरी पार्टी येतेय. त्यांनी त्यांचं ओळखपत्र पण पाठवलंय. पप्पांना ही जागा पसंत आहे, देवळाजवळ आहे, माणसांची वर्दळ आहे म्हणून.

दोन, शामरावनगरात एका एजंटाकडून, वन आरके, चार हजार, हा पण तळमजलाच.

तीन, विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर वन आरके, पण साडेसहा हजार आणि डिपॉझिट पंचवीस. माझ्या बजेटच्या बाहेर जायलंय.

पप्पांचं सांगलीवर मन बसलंय त्याला एक कारण आहे. २०१६ला आमच्याकडं पाणी संपलं होतं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, मी आठवीत होते. ती गाडी बघायला पप्पा मला स्टेशनकडं घेऊन गेले होते, पांढऱ्या टाक्यांची रांग होती आणि लोक टाक्यांकडं बघून हात जोडत होते. तेव्हापासून ते म्हणतात ज्या गावानं आपल्याला पाणी पाजलं त्या गावात पोरगी राहायला काय भ्यायचंय. पण मला भीती वाटतेय ती गावाची नाही, चुकीची जागा घेऊन अडकून पडायची. पहिला पगार ऑगस्टमध्ये होणार, तोपर्यंत जवळ तीसेक हजार आहेत, ते एकदा गेले की गेले. टोकन आज संध्याकाळपर्यंत टाकायचंय म्हणून घाईत विचारतेय.

कृष्णाकाठचा:
ताई, पहिलं म्हणजे तीन हजार टाकू नका. एक रुपया पण टाकू नका. मी लष्करात आहे, बदली झालीय, घर स्वस्तात देतोय, ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे. सैनिकांवर आपला विश्वास असतो म्हणूनच त्यांचं नाव वापरतात, ते ओळखपत्र दुसऱ्याच कुणाचं तरी ढापलेलं असतं. पुढचं पाऊल पण सांगतो, ते तुम्हाला एक क्यूआर कोड पाठवतील आणि म्हणतील हा स्कॅन करा, पिन टाका, तुमचे पैसे लगेच परत येतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून चालले. खरंच सांगलीचे असतील तर म्हणा शेजारच्यांकडं चावी ठेवा, मी रविवारी येऊन बघते. ते काय उत्तर देतात ते इथं लिहा. आणि चुकून पैसे गेलेच कधी तर बँकेत हेलपाटे मारत बसायच्या आधी १९३० ला फोन करायचा, तो सायबर फसवणुकीचा नंबर आहे, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

दुसरं. समजा ती जागा खरी असली तरी गावभागात तळमजला आणि तोही जुलैच्या तोंडावर, हे मी माझ्या बहिणीला करू देणार नाही.

खणभागात_वाढलेली:
वरच्या दादांनी अर्धं सांगितलं, उरलेलं मी सांगते कारण मी ते भोगलंय. जरा लांब होईल पण वाच बाळा, तुझ्यासाठीच लिहितेय.

आमचं लग्न झाल्यावर आम्ही गावभागातच तळमजल्याला भाड्यानं होतो. जागा काय सुंदर, जुन्या वाड्याचा भाग, मागं विहीर, सकाळी देवळाच्या घंटा ऐकू यायच्या, बाजारपेठ दोन मिनिटांवर. २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत पावसाळ्यात लोक आधी कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाचा पाण्याचा आकडा बघतात आणि मग चहा पितात. पुलाला ४० फुटाला इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी. आमच्या मालकांनी सांगितलं होतं की आपल्याकडं २००५ ला उंबऱ्यापर्यंत आलेलं, जास्त नाही. त्या भरवशावर आम्ही सामान कॉटवर चढवलं, गहू-तांदूळ माळ्यावर टाकले आणि नणंदेकडं विश्रामबागेला गेलो, दोन दिवसांत परत येऊ म्हणून. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ पेक्षाही वर. आम्ही दोन दिवसांसाठी गेलो आणि घरात पाय ठेवला तो दहाव्या दिवशी.

दार उघडेना. आतून फ्रिज आडवा पडून दाराला लागला होता, तो पाण्यावर तरंगत तिथवर आलेला. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर एक तपकिरी रेघ होती, एकदम सरळ, पट्टी लावून ओढल्यासारखी. त्या रेघेच्या खाली सगळं एकाच रंगाचं झालं होतं, साड्या, भांडी, लग्नाचा अल्बम, सगळं. तो गाळ वाळला की सिमेंटसारखा होतो म्हणून ओला असतानाच काढायला लागतो, आम्ही चार दिवस फावड्यानं तो काढत होतो. वास तर दिवाळीपर्यंत गेला नाही. आणि दोन वर्षांनी २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, ५५ फुटांच्या आसपास. तेव्हा आम्ही तिथं नव्हतो पण आमच्या जागेत नवीन भाडेकरू होते, तेही बाहेरगावचेच, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

आता तू विचारशील की मग गावभागात लोक राहात नाहीत काय. राहतात की. पिढ्यान् पिढ्या राहतात, त्यांना पाण्याची सवय आहे, वर माळा आहे, पाहुणे आहेत, आकडा किती झाला की कधी निघायचं हे त्यांच्या अंगात भिनलंय. तू नवीन, एकटी, दुसऱ्या शिफ्टला असशील आणि इकडं पाणी चढत असेल तर तुझं सामान कोण उचलणार? म्हणून सांगते, स्वस्त का आहे ते आधी विचार.

२०१९ ला पाणी कुठं कुठं होतं ते लिहून ठेव. गावभाग, खणभागाचा बराच भाग, मारुती चौक, शिवाजी मंडई, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड, स्टँडचा परिसर, आणि नदीपलीकडची सांगलीवाडी. नदीपासून जितकं विश्रामबागेकडं, मिरजेकडं, कुपवाडकडं सरकशील तितकी जमीन चढती आहे. विश्रामबागेत पुराचं पाणी आलं नाही, अर्धी सांगली तेव्हा तिकडंच पाहुण्यांकडं जाऊन राहिली होती.

शामरावनगरचं वेगळं आहे. तिथं नदीपेक्षा पावसाच्या पाण्याचा त्रास. सखल भाग, काळी माती, पाणी मुरत नाही आणि निचऱ्याला वाट नाही, त्यामुळं प्लॉटांत महिनोन् महिने पाणी साठून राहतं, डास होतात, रस्ता चिखलाचा होतो. सगळंच शामरावनगर वाईट नाही, उंचावरच्या गल्ल्यांत माझी मैत्रीण आनंदात राहते. पण तळमजला न बघता घेऊ नको.

आणि बघायचं कसं ते सांगते, हे एजंट सांगणार नाही. घरात गेलीस की रंगाकडं बघू नको, नवीन रंग तर पुराच्या घराला हमखास असतो. दाराच्या लाकडी चौकटीचा तळ बघ, फुगून भेगाळलाय का. कडाप्प्याखालचा कोपरा बघ, कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा बघ, भिंतीला खालच्या बाजूनं पोपडे आलेत का बघ. प्लगचे बोर्ड खांद्याच्या वर बसवलेले दिसले तर समजायचं त्या घरमालकानं पाणी बघितलंय. आणि मग बाहेर येऊन जवळच्या किराणा दुकानात जा, काहीतरी दहा रुपयांचं घे आणि विचार, काका एकोणीसला इथं पाणी किती होतं? सांगलीतला माणूस या प्रश्नाला बोलून उत्तर देत नाही, हात दाखवतो. गुडघ्याला, कमरेला, छातीला, नाहीतर डोक्याच्या वर. त्याचा हात जिथं थांबेल तो खरा आकडा.

लातूरची_पोर:
ताई, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं उन्हाळ्यात आठ-दहा दिवसाला नळ यायचा, घरात पाणी शिरलेलं मी कधी बघितलंच नाही, त्यामुळं जागा बघताना हे विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नव्हतं. पप्पांना तुमचा मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले ती देवळाजवळची नको.

आणि दादा, तुम्ही म्हणालात तसं त्या लष्करवाल्यांना विचारलं की शेजारच्यांकडं चावी ठेवता का. आधी चिडले, विश्वास नसेल तर राहू द्या म्हणाले, आणि अर्ध्या तासात खरंच क्यूआर कोड पाठवला, पाच रुपये टाकून बघा लगेच दुप्पट परत येतील म्हणून. नंबर ब्लॉक केलाय. तुम्ही नसतात तर मी आज संध्याकाळी पैसे टाकलेच असते.

आता रविवारी पप्पांबरोबर प्रत्यक्ष येतेय. विश्रामबाग, कुपवाड रोड, विजयनगर असं बघायचं ठरवलंय. करार वगैरे कसा करतात? विश्रामबागचे मालक म्हणतायत नोटरी करून देतो, रजिस्टरची गरज नाही, खर्च वाचेल.

मिरजकर_काका:
खर्च वाचेल तो त्यांचा त्रास वाचेल, तुझा नव्हे. मी तीस वर्षं कोर्टाच्या आवारात कागद टाइप करण्यात घालवली, नोटरीच्या भरवशावर बसलेले किती भाडेकरू आणि किती मालक दोघांनाही रडताना बघितलंय.

महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, त्याच्या कलम ५५ प्रमाणं लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे आपण भाडेकरार म्हणतो तोच, लेखी आणि नोंदणीकृत असायलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी. अकरा महिन्यांचा असला की रजिस्टर लागत नाही हा गैरसमज लोकांच्या डोक्यातून जात नाही. आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकलीय, भाडेकरूवर नाही. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदवलेला नसेल आणि भांडण झालं तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. हे मालकांना गोड शब्दांत सांगितलं की बहुतेक तयार होतात, कारण यात त्यांचाही बचाव आहे, मुदत संपल्यावर जागा परत घ्यायला हाच कागद त्यांच्या उपयोगी पडतो. पप्पांना बोलू दे, तू मधे कलमं फेकू नको, म्हातारी माणसं असतील तर उगाच बिथरतील.

खर्च म्हणशील तर स्टॅम्प ड्युटी म्हणजे पूर्ण मुदतीच्या भाड्याची बेरीज, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरून मिळवायचं, आणि त्या सगळ्याचे ०.२५ टक्के. तुमच्या भाड्याला ही रक्कम किरकोळच होते. नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० रुपये, ग्रामीण भागात ५००. सांगली-मिरज-कुपवाड ही एकच महापालिका आहे त्यामुळं तिन्हीकडं हजारच. आता हे ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो, एजंट मशीन घेऊन घरी येतो आणि त्याची वेगळी फी घेतो, ती आधी ठरवून घ्या. निम्मा-निम्मा खर्च करूया म्हणा, तशी पद्धत आहे.

करारात काय काय लिहून घ्यायचं ते नीट बघ. डिपॉझिट किती आणि जागा सोडल्यावर किती दिवसांत परत. नोटीस दोघांना सारखीच, एक महिना. लाईट स्वतंत्र मीटरवर आहे का सबमीटर, आणि सबमीटर असेल तर युनिटला किती रुपये, कारण काही ठिकाणी महावितरणच्या दरापेक्षा बरंच जास्त लावतात आणि मग चार हजारांची खोली पाच हजारांना पडते. पाण्याचे, जिन्याच्या लाईटचे वेगळे पैसे आहेत का. आई येऊन राहणार हेही लिहून घे, नंतर पाहुणे चालणार नाहीत म्हणून कटकट नको.

सही करायच्या आधी मालकाकडं घरपट्टीची पावती आणि लाईट बिल बघायला माग. दोन्हीवरचं नाव आणि समोर बसलेल्या माणसाचं नाव जुळलं पाहिजे. भाऊ, मेहुणा, भाचा असा कुणी मालकाच्या वतीनं बोलत असेल तर अधिकारपत्र बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. डिपॉझिट रोखीनं देऊ नको, खात्यावर टाक, म्हणजे वेगळ्या पावतीसाठी अडून राहायला नको. तुझं आधार द्यायची वेळ आली तर पहिले आकडे झाकलेलं मास्क्ड आधार दे. आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते ती मालकाला द्यायला लाव, ऑनलाइनही होते. एकट्या मुलीच्या बाबतीत तर मी म्हणेन ती झालीच पाहिजे, तू कुठं राहतेस याची नोंद पोलिस ठाण्यात असलेली बरी.

चावी हातात आली की सामान टाकायच्या आधी मोबाईलवर पूर्ण खोलीचा व्हिडिओ काढ, नळ, फरशी, काचा, मीटरचं रीडिंग सगळं, आणि तो मालकाला त्याच दिवशी पाठव. माझ्या पुतण्याचे सोडताना आठ हजार कापले होते, फुटलेलं बेसिन त्यानं फोडलं म्हणून. ते आधीपासूनच फुटलेलं होतं पण दाखवायला त्याच्याकडं काही नव्हतं.

वडापवाला:
ताई मी सांगली-मिरज लाईनला रिक्षा चालवतोय सतरा वर्सं झाली, लिवायची सवय न्हाय पन रातचं सांगतो कारन रातचं आमाला म्हाईत. सांगली-मिरज मेन रोडला अकरा साडेअकरापर्यंत माणसं असत्यात, दवाखान्याचे लोक, कॉलेजची पोरं, मेडिकल चालू, चहाच्या गाड्या चालू, विश्रामबाग चौकात तर रात्री बी वर्दळ असती. पन आतल्या नव्या कॉलन्यात साडेनऊला सामसूम होती, प्लॉट मोकळे, लाईटीचे खांब हायत पन दिवं लागत न्हायत, कुत्री मागं लागत्यात. खोली कितीबी चांगली असू दे मेन रोडपास्नं आत एक किलोमीटर असंल तर घेऊ नगा. कंपनीची बस जिथं सोडती तिथनं खोलीपत्तोर रातच्या साडेअकराला एकदा पप्पांसंगं चालत जाऊन बगा, दिवसा बगून काय उपयोग न्हाय. आनि ड्रायव्हरला आधीच इचारा बस कुठल्या रोडनं जाती, काही कुपवाड रोडनं विश्रामबागला येत्यात, काही तिकडनंच मिरजंला जात्यात. खोली बसच्या रस्त्यावर घ्या, मंग रिक्षाची गरजच पडत न्हाय. आमचा धंदा जाऊ दे.

मिरजेची_सिस्टर:
मी मिरजेत स्टाफ नर्स आहे, नाईट ड्युट्या करून अकरा वर्षं एकटी राहिलेली, म्हणून थोडं माझं पण ऐक. मिरज दवाखान्यांचं गाव, वॉनलेस हॉस्पिटल १८९४ चं, सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चं, त्यामुळं इथल्या घरमालकांना अवेळी येणाऱ्या एकट्या बाईची सवय आहे, कुणी खिडकीतून घड्याळ बघत बसत नाही. विश्रामबाग-विजयनगर महाग वाटलं तर मिरजेकडून पण बघ, कुपवाड एमआयडीसी मिरजेहूनही लांब नाही. फक्त कृष्णा घाटाच्या बाजूला नको, ते वरच्या ताईंनी सांगितलंच.

माझा अनुभव असा की मालक त्याच घरात वर किंवा खाली राहतात अशी जागा एकटीला सगळ्यात बरी. थोडी टोकाटोकी होते, पण मला डेंग्यू झाला तेव्हा खालच्या मावशींनी रात्री दोनला दवाखान्यात नेलं होतं. मात्र दुसऱ्या चावीचं आधीच स्पष्ट बोल. माझ्या पहिल्या खोलीचे मालक मी ड्युटीवर असताना आत येऊन जायचे, पाण्याची टाकी बघायला म्हणून. मला कळलं ते खुर्ची जागेवर नव्हती त्यावरून. काही चोरीला गेलं नाही पण मी त्या खोलीत पुढं एक रात्र झोपले नाही. आता कुठंही गेले की पहिल्या दिवशी स्वतःचं कुलूप लावते, आतून दोन कड्या आहेत का बघते, बाथरूमची खिडकी जिन्याकडं उघडते का बघते. वन आरके बांधताना लोक ही खिडकी कुठंही काढतात.

आणि साडेसहा हजार तुला एकटीला जास्तच आहे ग. साडेअठरातले साडेसहा गेल्यावर खानावळ, प्रवास, घरी पाठवायचे, काय उरणार? तुझ्याच कंपनीत मुली असतील ना. एचआरला फोन करून विचार, सोबत राहायला कुणी शोधतंय का. दोघींत आठ हजारांचा वन बीएचके घेतलात तर चार-चार पडतात आणि रात्री साडेअकराला दोघी बरोबर चालाल. एकटी राहायचा हट्ट नसेल तर हे कर.

लातूरची_पोर:
सिस्टर, हे सुचलंच नव्हतं. उद्या सकाळी फोन करते. मला वाटत होतं जॉइन व्हायच्या आधी असलं काही विचारलं तर वाईट दिसेल.

कृष्णाकाठचा:
काही वाईट दिसत नाही, उलट त्यांनाही माणूस टिकायला पाहिजे असतो. रविवारी लातूरकडून रेल्वेनं येणार असाल तर मिरज जंक्शनला उतरा, तिथून विश्रामबाग सरळ रस्त्यावर आहे. सकाळी लवकर आलात तर आधी कुपवाड, मग विश्रामबाग असं करत या आणि संध्याकाळी मुद्दाम थांबा, वडापवाल्या मामांनी सांगितलेलं रात्रीचं बघायचं विसरू नका.

लातूरची_पोर:
सगळ्यांना सांगायला आलेय. खोली मिळाली.

एचआरच्या मॅडमनी त्याच दिवशी एका मुलीचा नंबर दिला, ती जतची आहे, स्टोअरला आहे, तिची जुनी रूममेट लग्न होऊन गेल्यानं ती पण जागा बदलायचीच होती. रविवारी आम्ही तिघं मिळून सहा जागा बघितल्या. चौथी घेतली, विश्रामबागेत कुपवाड रोडच्या बाजूला, पहिला मजला, वन बीएचके, साडेसात हजार दोघींत, डिपॉझिट वीस. खाली मालक काका-काकू राहतात. चौकटीचा तळ बघितला, कडाप्प्याखाली टॉर्च मारली, पप्पा बघतच राहिले मी काय करायलेय म्हणून. मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले, पार्लेजीचा पुडा घेतला आणि विचारलं काका एकोणीसला इथं पाणी किती होतं. त्यांनी हात दाखवलाच नाही. ते म्हणाले, इथं? इथं पाणी नव्हतं बाळ, इथं माणसं होती, माझ्या घरात गावभागातले अकरा जण बारा दिवस होते. पप्पांनी तिथंच त्यांना २०१६ ची रेल्वे सांगितली. त्या काकांनी बिस्किटाचे पैसे घेतले नाहीत.

नोटरीचं पप्पांनी मिरजकर काकांनी सांगितलं तसंच गोड बोलून सांगितलं. मालक काका आधी म्हणाले आजपर्यंत कधी रजिस्टर केलं नाही, मग त्यांचा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला बाबा करून घ्या, तुमच्याच फायद्याचं आहे. बुधवारी अंगठे झाले. सबमीटर आहे, युनिटचा दर करारात लिहून घेतला. दुसरी चावी काकूंकडं राहणार, पण आम्हाला फोन केल्याशिवाय उघडायचं नाही असं काकू स्वतःच म्हणाल्या, मी विषय काढायच्या आधी. रात्री साडेअकराला बसच्या थांब्यापासून चालत आलो, सहा मिनिटं लागली, मधला एक खांब बंद होता, मालक काका म्हणाले महापालिकेत तक्रार करतो.

आता फक्त गॅसचं राहिलंय. नवीन कनेक्शनला इथला पत्ता लागेल ना, तोपर्यंत काय करू?

मिरजेची_सिस्टर:
रजिस्टर करार हाच पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, तो घेऊन एजन्सीत जा. तोवर पाच किलोचा छोटा सिलिंडर घे, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो, काही पेट्रोल पंपांवर पण असतो. रेग्युलेटर आणि नळी आयएसआय मार्कचीच घे, रस्त्यावरची नको. आणि १ तारखेला तुझी पहिली शिफ्ट असेल तर ३० लाच सामान लाव, पाऊस धरला की टेम्पोवाले ऐनवेळी नाही म्हणतात.

खणभागात_वाढलेली:
माझ्याकडं एक लोखंडी कॉट आहे, माळ्यावर पडून असते. पुरानंतर घेतलेली आहे, चांगली आहे. आई आली की लागेल तुला. पत्ता मेसेज कर, आमचे हे टेम्पोत टाकून आणून देतील.